मी वाटलेली पुडी

"सध्या कुठली औषधं चालू आहेत?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"बीपीची एक गोळी. बाकी काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

खोटं बोलत नव्हते मी. त्या दिवसाची गुडघेदुखीची पुडी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, पण ती औषध आहे असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. औषध म्हणजे मेडिकलमधून आणलेलं, पाकिटावर तारीख छापलेलं. पुडी म्हणजे पुडी. दुपारी जेवण झालं की मधातून घ्यायची आणि वर पाणी प्यायचं. त्याआधी डोंबिवलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं आणि त्यांनाही मी हेच उत्तर दिलं होतं. असं उत्तर देणारी मी एकटी नाही, हे मला नंतर कळलं. म्हणून हे लिहायला बसले.

उभ्यानं केलेली बावीस वर्षं

डोंबिवली पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. नवरा-बायको दोघं कामावरून दमून येतात, वाटेत आमच्याकडून दहा पोळ्या आणि पाव किलो भाजी घेतात, घरी जाऊन फक्त कुकर लावतात. अशी केंद्रं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण घडीची पोळी दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहावी, तर ती शैलाकाकूंचीच. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आमच्याकडे पोळ्या उभ्यानं लाटतात. कडाप्प्याचा लांब ओटा, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वैजू, मध्ये दोन तवे. वैजू माझ्याकडे अकरा वर्षं आहे, ठाकुर्लीहून येते. तिच्यासारखी गोल पोळी लाटणारी मी दुसरी पाहिली नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी बोलत नाही, कारण मग ती पगार वाढवून मागते.

पन्नाशी ओलांडली आणि माझे गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका, फार वेळ उभ्या राहू नका. मी मनात म्हटलं, मग काय खुर्ची टाकून बाळकृष्णासारखी बसू? त्याच सुमारास एका लग्नात घाटावरच्या एका ओळखीच्या बाईंनी पुडीवाल्या माणसाचा पत्ता दिला. शुद्ध जडीबुटी, साइड इफेक्ट शून्य. आमचे हे मानपाड्याच्या कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते. ते जाऊन तीन महिन्यांच्या पुड्या घेऊन आले.

चौथ्या दिवशी मी जिन्याचा कठडा सोडून वर चढले. गुडघे गप्प, भूक सपाटून, अंगात उत्साह असा की मी पहाटे उठून डबे घासायला काढायचे. यांना म्हटलं, "अहो, नवीन पाय बसवल्यासारखं वाटतंय!"

आमच्याकडे एखाद्या गोष्टीचा गुण आला आणि ती एकटीनं ठेवून घेतली, तर तो कोतेपणा समजतात. पुरणात जायफळ किती घालायचं हे जसं आपण सांगतो, तसंच औषधही सांगतो. नुसतं सांगत नाही, डब्यातून काढून हातावर ठेवतो. वैजूची टाच दुखायची. "घे गं, मी घेते ना!" असं म्हणून मी तिला पहिली पुडी दिली. मग ती दर महिन्याला माझ्याच डब्यातून नेऊ लागली. तिच्याशिवाय आणखी सहा जणींना मी पुडी दिली. सगळ्या माझ्या ओळखीच्या, माझ्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या.

तब्येत सुधारली

मी लहानपणापासून काडी. लग्नात सासूबाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पोरीला जरा खायला घाला हो." त्यामुळे चेहरा गोल व्हायला लागला तेव्हा मला आतून गुदगुल्याच झाल्या. काउंटरवर रोज एक तरी बाई म्हणायची, "काकू, तब्येत सुधारली हो तुमची!" गणपतीत जाऊबाई म्हणाल्या, "मस्त भरलीस." मी आरशात गाल बघायचे आणि खूश व्हायचे.

बाकीचं मला दिसत होतं, पण मी त्याची सांगड घातली नाही. ब्लाउज पोटावर लागत नव्हता आणि त्याच वेळी बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. पोट मोठं आणि हातपाय काटकुळे, अशी मी होत चालले होते. ओट्याची कड नुसती लागली तरी हातावर काळंनिळं व्हायचं. सत्यनारायणाच्या पूजेनंतर पाटावरून मला उठताच येईना. यांनी हात दिला. मी हसून म्हटलं, "वय झालं आता." चौपन्नाव्या वर्षी.

मग एका सकाळी ओट्याखालून भिजवलेल्या कणकेची परात उचलताना पाठीत कट् असा आवाज झाला. तो वैजूलाही ऐकू गेला. मी परात खाली ठेवली, कणीक सांडू दिली नाही, आणि तिथेच ओटा धरून ओरडले.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारलं, "कुठे पडलात?"

"पडले नाही."

"मग काय उचललंत?"

"कणीक."

त्यांनी एक्स-रे परत उजेडापुढे धरला. मणक्याचं एक हाड दबून चपटं झालं होतं. हाडांची घनता मोजायची तपासणी केली, तीही वाईट आली. ते म्हणाले, "ही चौपन्न वर्षांच्या बाईची हाडं नाहीत. नुसत्या कॅल्शियमचा हा प्रश्न नाही. तुम्ही ठाण्याला हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा."

ठाण्याचा दिवस

हार्मोन म्हटलं की मला थायरॉइड आणि पाळी, एवढंच ठाऊक. मॅडमनी पहिल्या भेटीत औषधांचं विचारलं, मी ते ठणकावलेलं उत्तर दिलं, आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या. दुसऱ्या भेटीला माझी मुलगी मुग्धा बरोबर होती. ती ठाण्यालाच नोकरी करते, अर्धा दिवस रजा घेऊन आली होती.

मॅडमनी रिपोर्ट पुढे ठेवला. "तुमचा चेहरा, पोट, बारीक झालेले हातपाय, कातडीवरचे डाग, हाडं, सगळं सांगतंय की शरीरात स्टेरॉइड फार झालंय. पण रक्त सांगतंय की तुमचं शरीर ते जवळजवळ बनवतच नाहीये. मग येतंय कुठून?"

मला वाटलं, झालं, कॅन्सर. तेवढ्यात मुग्धा हळूच म्हणाली, "आई, ती पुडी."

मी तिच्याकडे डोळे वटारले. "तो आयुर्वेद आहे."

"बघू," मॅडम म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी पर्समधून पुडी काढली. त्यांनी ती कागदावर उघडली. तपकिरी भुकटीत मधेमधे पांढरे कण होते. दोन वर्षं रोज घेऊनही ते मला कधी दिसले नव्हते. "यात काय आहे हे मी नुसतं बघून सांगू शकत नाही, लॅबला पाठवते. पण तुमच्या रक्तानं मला सांगितलंय," त्या म्हणाल्या. नंतर लॅबचंही तेच आलं, पुडीत स्टेरॉइड.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या माणसाचा राग, स्वतःचा राग, मुलीसमोर उघडी पडल्याचा राग. आणि लगेच वैजू आठवली. मला दाखल करून घ्यायला मॅडम फोनवर बेडचं विचारत होत्या. तोवर मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन वैजूला फोन लावला. "वैजू, ती पुडी आजपासून बंद. एक कण घ्यायचा नाही. आत्ताच्या आत्ता मोरीत टाक!"

"का हो ताई?"

"सांगितलं ना, टाक!"

आत आले तर मॅडम मुग्धाला समजावून सांगत होत्या. बाहेरून सतत मिळतंय म्हटल्यावर शरीरातल्या ग्रंथींनी आपलं काम सोडून दिलं होतं.

मी म्हटलं, "म्हणजे केंद्रातून रोज पोळ्या येतात म्हणून घरातला तवाच निघत नाही, तसं?"

मॅडमना हसू आलं. "अगदी तसंच. आणि एक दिवस केंद्र अचानक बंद पडलं तर?"

"सगळे उपाशी."

"म्हणून हे एकदम बंद करायचं नाही. आता मी मोजून गोळ्या देईन आणि महिन्यामहिन्यानं कमी करत नेईन. तोवर तुमचा तवा परत पेटायला हवा." त्यांनी एक कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं की उलट्या, चक्कर, भोवळ, फार थकवा असं काही झालं तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा आणि हे कार्ड दाखवा. मी ते पर्समध्ये ठेवलं.

त्या माझ्याबद्दल बोलत होत्या, म्हणून मी माझ्यापुरतंच ऐकलं. कॉरिडॉरमधला फोन आणि मोरीत टाकलेली पुडी मला त्या क्षणी आठवली नाही.

चार दिवस कॉटवर

हॉस्पिटलात पहाटे पाचला नाडी, सहाला गोळी, सातला चहा. कुशीवर कसं वळायचं, उठताना आधी पाय खाली कसे सोडायचे, हे मला लहान मुलासारखं शिकवलं. पाठीला पट्टा बांधल्याशिवाय उभं राहायची परवानगी नव्हती. सगळ्यात जास्त भीती मला बाथरूमची वाटायची. तिथल्या एक मावशी दाराबाहेर उभ्या राहून मोठ्यानं कालच्या मालिकेची गोष्ट सांगायच्या, म्हणजे मला एकटं वाटू नये. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

जेवणाचं काय सांगू? पोळी अशी की तिनं पाठ शेकता आली असती. मी ताटं आणणाऱ्या बाईला कणीक किती वेळ मुरू द्यायची ते सांगितलं. मुग्धा म्हणाली, "आई, तू पेशंट आहेस इथे."

हे रोज यायचे आणि खिडकीपाशी बसायचे. तिसऱ्या दिवशी एकदम म्हणाले, "आणून तर मीच देत होतो गं." तीस वर्षांत मी यांच्या डोळ्यांत दोनदाच पाणी पाहिलं होतं. मी म्हटलं, "घेत तर मीच होते ना? आता गप बसा आणि तो पट्टा जरा सैल करा." त्यांनी पट्टा सैल केला आणि बराच वेळ हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला.

ठाकुर्ली

पाचव्या दिवशी दुपारी घरी आले. कॉटवर टेकताना सहज विचारलं, "केंद्र कसं चाललंय?"

हे म्हणाले, "कालपासून वैजू नाही आली. पोट बिघडलंय म्हणे. उलट्या होतायत, उभं राहवत नाहीये."

मी पर्समधलं कार्ड काढलं आणि वाचलं. उलट्या, चक्कर, भोवळ. मॅडम म्हणाल्या तसं, वैजूचं केंद्र मी एका फोनवर अचानक बंद पाडलं होतं.

हे म्हणाले, "मी जातो, तू झोप." पण तिथल्या डॉक्टरांना काय सांगायचं हे मला माहीत होतं, यांना नाही. पट्टा आवळला, रिक्षा बोलावली. "भाऊ, खड्डे चुकवून चल रे, माझा मणका मोडलाय," असं सांगितलं. तो बिचारा ठाकुर्लीपर्यंत बैलगाडीच्या चालीनं आला.

वैजू जमिनीवर गोधडीत पडली होती. ओठ कोरडे, चेहरा राखेसारखा. तिची सासू ओवा घेऊन उशाशी बसली होती. मला बघून वैजू म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला आलात? पाठीचं बघा ना तुमच्या."

"ऊठ. हॉस्पिटलात जायचंय."

"नुसतं पोट बिघडलंय हो."

"वैजू, पोट नाही. माझ्यामुळे झालंय. ऊठ."

शेजारच्या दोघींनी तिला धरून रिक्षात बसवलं. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. पोटाला हात लावून त्यांनी नर्सला सांगितलं, "गॅस्ट्रो दिसतंय, सलाइन लावा." तिथे रांग होती, माणसं होती, वैजूची सासू मागे उभी होती. बोलले नसते तरी सलाइन लागणारच होतं, वैजूला थोडं बरं वाटलंही असतं, आणि कोणाला काही कळलं नसतं, असं एक क्षण माझ्या मनात येऊन गेलं. आलं होतं, ते लिहायलाच हवं.

मग मी म्हटलं, "डॉक्टर, थांबा. हिला वर्षभर स्टेरॉइड जात होतं. एका पुडीतून. ती पुडी मी दिली होती. पाच दिवसांपूर्वी माझ्या सांगण्यावरून तिनं ती एकदम बंद केली." आणि माझं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी कार्ड वाचलं, परत बीपी पाहिलं, आणि त्यांची चाल बदलली. इंजेक्शन आलं, दुसरी सलाइन आली, दोन नर्स धावल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. वैजूची सासू माझ्याकडे बघत होती आणि मी तिची नजर चुकवली नाही. संध्याकाळी वैजूनं डोळे उघडून चहा मागितला. ते डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही बोललात म्हणून वेळेत कळलं. सहसा कोणी बोलत नाही."

पोळीचा गर्व मला पूर्वीपासून आहे. आता दुसराही एक आहे. त्या दिवशी मी बोलले.

फळा

केंद्राबाहेर आमचा फळा असतो. त्यावर रोजची भाजी लिहितो. दुसऱ्या दिवशी फ्लॉवर-बटाटा आणि मेथी यांच्या खाली मी मुग्धाकडून लिहून घेतलं: "माझ्याकडून गुडघ्यांची पुडी नेलेल्यांनी मला भेटावे. पुडी मनाने एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. शैलजा."

मुग्धा म्हणाली, "आई, फोन करू ना सगळ्यांना. फळ्यावर कशाला?"

मी दिलेल्या सहा जणींना फोन केलेच होते. पण त्यांनी पुढे कोणाकोणाला दिली असेल, ते मला कुठे ठाऊक होतं? नंतर माझ्या लक्षात आलं, रोज सकाळी भाजी बदलताना खालचा मजकूर पुसट झाला की आमचे हेच तो खडूनं गिरवतात.

सगळं गोड झालं नाही. एकीचा नवरा काउंटरवर येऊन मला भर गर्दीत बोलला. मी आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर न देता ऐकून घेतलं. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. एक जण आजही पुडी घेते आणि मला सांगते, "तुम्हाला नाही सोसली, मला सोसते." तिच्यापुढे मी हात टेकले, तरी दर भेटीला विचारते. उरलेल्यांपैकी चौघी डॉक्टरांकडे गेल्या आणि हळूहळू त्यातून सुटल्या. मला न कळता पुढे गेलेल्या पुड्या घेणाऱ्या आणखी तिघी फळा वाचून आल्या.

परत उभं राहणं

गोळी कमी होते तेव्हा अंग असं दुखतं की पुडीची आठवण येते. गुडघे परत बोलायला लागले. दोन वेळा मी रडून मॅडमना म्हटलं, "मला आधीच बरं वाटत होतं हो." त्या म्हणाल्या, "वाटत होतं." आणि पुढचा महिना लिहून दिला. हाडांसाठी वर्षातून एकदा सलाइनमधून औषध, रोज ऊन, आणि व्यायाम.

व्यायाम म्हणजे हात न लावता खुर्चीवरून उठायचं. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. बावीस वर्षं उभी राहिलेली बाई मी, आणि खुर्चीतून उठता येत नाही! लाजेनं रडले. तिसऱ्या आठवड्यात एकदा उठले, तेव्हा यांनी टाळ्या वाजवल्या. आज मी सलग बारा वेळा उठते आणि कोणी पाहुणा आला की करून दाखवते. वर्षानं परत मोजलं तेव्हा हाडं थोडी सुधारली होती. थोडीच, पण उतार थांबला होता. चेहऱ्याची सूज उतरली, गालफडं दिसायला लागली. पोट अजून आहे. दंडांत थोडी ताकद आली आहे. उंच स्टुलावर बसून मी रोज चाळीस पोळ्या लाटते, आणि परात मी उचलत नाही, केंद्रातल्या दुसऱ्या दोघी मिळून उचलतात.

वैजू दोन महिन्यांनी कामावर आली. तिचीही हाडं कमजोर निघाली, तिलाही औषध चालू आहे. ती आली, पदर खोचला, लाटणं घेतलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ताई, कणीक घट्ट झालीये आज." त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे हे मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. आजारातलं सगळं सोसलं मी, पण ही एक गोष्ट जड जात होती.

या संक्रांतीला केंद्रातच हळदीकुंकू केलं. वाण म्हणून सांडश्या लुटल्या. तिळगूळ वाटून झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "बायांनो, पाच मिनिटं ऐका." आणि हे सगळं सांगितलं, पर्समधल्या पुडीपासून कॅज्युअल्टीपर्यंत. वैजूचं नाव घेतलं नाही. ती मागे तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती.

माझं संपल्यावर कोपऱ्यातली एक तिशीची बाई पुढे आली. मी तिला ओळखत नव्हते, कोणाबरोबर तरी आली होती. तिनं पर्समधून कागदाची घडी काढली. "काकू, ही बघा ना. सासूबाईंना वर्ष झालं चालू आहे. मीही कंबरेसाठी सहा महिने घेतेय. आज घरी गेल्यावर फेकूनच देते सगळ्या."

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळ्या वळून बघायला लागल्या.

वैजूनं हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि ती त्या बाईपाशी गेली. "फेकायची नाही, ताई. उद्या नवाला सासूबाईंना घेऊन इथे ये. आपण ठाण्याला जाऊ, मी येते बरोबर. तिथे कोणी ओरडत नाही. विचारलं की फक्त खरं सांगायचं."

ती बाई घाबरून म्हणाली, "सासूबाई नाही सांगणार हो. त्यांना लाज वाटेल."

वैजूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग तू सांग त्यांच्यासाठी. माझ्यासाठी आमच्या ताईंनी सांगितलं होतं. सगळ्यांदेखत."